निकाल उटल्सफर्डचा, अर्थ वेस्टमिन्स्टरचा

इंग्लंडमध्ये मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी स्थानिक निवडणुकांचे मतदान होते आणि शुक्रवार उजाडण्याच्या आतच निकालांचा अर्थ लावण्याची घाई सुरू होते. कोणत्या पक्षाने देशभरात किती जागा गमावल्या, पंतप्रधानांचे आसन डळमळले का, हीच टक्केवारी उद्या संसदेच्या निवडणुकीत पडली तर काय होईल, याची गणिते दिवसभर मांडली जातात. ज्या संस्थेसाठी लोकांनी मतदान केले, तिचे नाव या गणितांत क्वचितच उच्चारले जाते. याउलट ज्या पक्षाचा त्या दिवशी पराभव झालेला असतो, त्याचे प्रवक्ते एकदम नम्र होतात आणि या निवडणुका केवळ कचरापेट्यांच्या आणि खड्ड्यांच्या असल्याने त्यांतून फार काही काढू नये, असे सांगतात. माझ्या मते या दोन्ही बाजू वाद चुकीच्या जागी घालत आहेत. डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निकाल म्हणजे एका लहान पण खऱ्याखुऱ्या सरकारची नेमणूक असते. त्या सरकारच्या हाती जमीन, घरे आणि कर्ज काढण्याचा अधिकार असतो. म्हणून निकाल वाचायचा तर आधी त्या सरकारचा निकाल म्हणून वाचला पाहिजे. वेस्टमिन्स्टरबद्दलचे, म्हणजे ब्रिटिश संसद आणि केंद्र सरकारबद्दलचे, अनुमान त्यानंतर येऊ शकते, त्याच्या जागी येऊ शकत नाही.

मराठी वाचकासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. १९७२ च्या कायद्याने घडवलेल्या आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या रचनेत इंग्लंडच्या मोठ्या भागात दोन स्तर आहेत. वरच्या स्तरावर काउंटी कौन्सिल असते. शाळा, वृद्ध आणि अपंगांची सामाजिक देखभाल, रस्ते, ग्रंथालये हे तिचे विषय. खालच्या स्तरावर डिस्ट्रिक्ट कौन्सिल असते. साधारण लाखभर लोकवस्तीच्या या संस्थेकडे बांधकाम परवानग्या आणि विकास आराखडा, घरबांधणी, बेघरांची सोय, कचरा उचलणे, परवाने, सार्वजनिक आरोग्याची तपासणी आणि मतदार नोंदणी ही कामे असतात. रस्त्यावरचे खड्डे बुजवणे हे डिस्ट्रिक्टचे कामच नाही. निवडणूक खड्ड्यांची आहे असे म्हणणारा प्रवक्ता आपल्याच देशाची प्रशासनव्यवस्था विसरलेला असतो, आणि त्याला कोणी टोकत नाही, यावरूनच या चर्चेची पातळी कळते.

२ मे २०१९ चे उदाहरण घ्यावे. ब्रेक्झिटचा पेच शिगेला पोचला होता. त्या दिवशी हुजूर पक्षाने इंग्लंडभर तेराशेहून अधिक जागा गमावल्या, विरोधात असलेल्या मजूर पक्षाच्याही ऐंशीहून अधिक जागा गेल्या आणि लिबरल डेमोक्रॅटांनी सुमारे सातशे जागा मिळवल्या. पंतप्रधान थेरेसा मे आणि मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन या दोघांनीही निकालाचा अर्थ जवळजवळ एकच लावला: लोकांना ब्रेक्झिटचा प्रश्न आता निकाली निघालेला हवा आहे. त्याच रात्री एसेक्स काउंटीच्या वायव्य टोकाला असलेल्या उटल्सफर्ड डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सॅफ्रन वॉल्डन आणि ग्रेट डनमो या गावांच्या परिसरात, रेसिडेंट्स फॉर उटल्सफर्ड या स्थानिक आघाडीने ३९ पैकी २६ जागा जिंकून हुजूर पक्षाची सत्ता उलथवली. तिथला वाद होता स्टॅन्स्टेड विमानतळाच्या विस्ताराचा आणि मोकळ्या शेतजमिनीवर नव्या वसाहती उभारू पाहणाऱ्या विकास आराखड्याचा. आधीच्या कौन्सिलच्या समितीने नोव्हेंबर २०१८ मध्ये विमानतळाला वर्षाला ४.३ कोटी प्रवाशांपर्यंत जाण्याची परवानगी मंजूर केली होती. नव्या कौन्सिलने जानेवारी २०२० मध्ये तीच परवानगी नाकारली. विमानतळाने अपील केले, मे २०२१ मध्ये केंद्राच्या नियोजन निरीक्षकांनी परवानगी दिली आणि अपिलाचा खर्चही कौन्सिलवर लादला. मधल्या काळात निरीक्षकांच्या गंभीर आक्षेपांमुळे विकास आराखडा मागे घ्यावा लागला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियोजनाच्या बाबतीत या कौन्सिलला विशेष देखरेखीखाली आणले. त्यामुळे मोठ्या प्रकल्पांचे अर्ज कौन्सिलला वगळून थेट केंद्राच्या निरीक्षकांकडे नेण्याची मुभा विकासकांना मिळाली.

ही कथा यशाची नाही, आणि ती मी मुद्दामच निवडली आहे. लोकांनी एका ठोस प्रश्नावर सत्तांतर घडवले, नव्या सत्ताधाऱ्यांनी दिलेला शब्द पाळण्याचा प्रयत्न केला, त्याची किंमत करदात्यांनी मोजली, आणि चार वर्षांनी, २०२३ मध्ये, मतदारांनी हा सगळा हिशेब पाहून त्याच आघाडीला कमी जागांनिशी पुन्हा बहुमत दिले. लोकशाहीत उत्तरदायित्व म्हणतात ते याहून वेगळे काय असते? पण २०१९ च्या त्या शुक्रवारी ही २६ जागांची बातमी देशभरच्या बेरजेत ‘इतर’ या रकान्यात जाऊन पडली, आणि तो रकाना ब्रेक्झिटवरच्या वैतागाचा पुरावा म्हणून दाखवला गेला.

विरोधी बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद असा की, मतदार स्वतःच राष्ट्रीय भावनेने मत देतात, मग विश्लेषकांनी तसे सांगितले तर बिघडले कुठे? यात तथ्य आहे, आणि ते थोडेथोडके नाही. मे २०२३ मध्ये हुजूर पक्षाने एक हजाराहून अधिक जागा गमावल्या. त्या सगळ्या ठिकाणी त्याचे कौन्सिलर एकदम नालायक ठरले होते असे कोणी म्हणणार नाही. चांगले काम केलेली कौन्सिलही पक्षाच्या राष्ट्रीय पडझडीत वाहून जाते आणि सुस्त कौन्सिल पक्षाच्या लाटेवर तरून जाते, हे तिथल्या प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते जाणतात. शिवाय स्थानिक निकाल कधीकधी पुढची चाहूल खरोखरच देतात. २०२३ मध्ये मिड सफोक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रीन पक्षाने ३४ पैकी २४ जागा मिळवून देशातील आपले पहिले स्पष्ट बहुमत मिळवले, आणि वर्षभराने त्या डिस्ट्रिक्टचा काही भाग ज्यात येतो त्या वेव्हनी व्हॅली मतदारसंघातून त्या पक्षाचा खासदार निवडून आला. ही चाहूल दुर्लक्षिण्यासारखी नव्हती.

परंतु चाहूल आणि भाकीत यांत अंतर आहे. स्थानिक मतांवरून देशव्यापी टक्केवारी काढण्याच्या पद्धती अनेक दशकांच्या अनुभवातून घडल्या आहेत आणि त्या काढणारे अभ्यासक आपल्या मर्यादा प्रामाणिकपणे सांगतात. त्या मर्यादा ऐकून घेण्याचा संयम राजकारण्यांजवळ नसतो. ४ मे २०१७ च्या स्थानिक निवडणुकांवरून काढलेल्या अशा टक्केवारीत हुजूर पक्ष ३८ आणि मजूर पक्ष २७ वर होता. पाच आठवड्यांनी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत अकरा टक्क्यांची ही आघाडी अडीच टक्क्यांच्या आत आली आणि हुजूर पक्षाने संसदेतले बहुमत गमावले. मे २०२४ मध्ये स्थानिक निकालांवरून असा अंदाज मांडला गेला की मजूर पक्षाला संसदेत २९४ जागा मिळतील, बहुमताला ३२ कमी. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी तो उचलून धरला आणि देश त्रिशंकू संसदेकडे चालला असल्याचे सांगितले. दोन महिन्यांनी मजूर पक्षाने ४११ जागा जिंकल्या. स्थानिक निवडणुकीत लोक वेगळ्या पक्षांना मत देतात, अपक्षांना देतात, निम्म्याहून अधिक मतदार घरीच बसतात आणि देशाच्या बऱ्याच भागांत त्या वर्षी मतदानच नसते. एवढी भिन्न परिस्थिती एका आकड्यात कोंबली की तो आकडा पंतप्रधानांनाही चकवतो.

मग ही सवय इतकी पक्की का झाली? कारण ती सत्तेच्या उपयोगाची आहे. मार्गारेट थॅचर यांनी १९८३ आणि १९८७ मध्ये मे महिन्याचे स्थानिक निकाल हाती येताच जूनमध्ये सार्वत्रिक निवडणूक घेतली आणि दोन्ही वेळा जिंकली. हजारो कौन्सिलरांची निवड ही त्यांच्यासाठी पंतप्रधानांची रंगीत तालीम ठरली. १९९० मध्ये पोल टॅक्सवरून, म्हणजे प्रत्येक प्रौढावर लादलेल्या स्थानिक डोईपट्टीवरून, देश पेटलेला असताना हुजूर पक्षाने जागोजागी मार खाल्ला, पण लंडनमधील वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टर या दोन कौन्सिल राखल्या. पक्षाध्यक्ष केनेथ बेकर यांनी त्या दोन नावांचा इतका गाजावाजा केला की पराभवाची रात्र वृत्तपत्रांत बचावाची रात्र म्हणून झळकली. दोन्ही प्रसंगी निकालाचा अर्थ मतपेटीतून निघाला नाही, पक्षाच्या कार्यालयात ठरला. कौन्सिलच्या सीमेबाहेर नेलेल्या निकालाला हवा तो अर्थ चिकटवता येतो, कारण तिथे तो तपासून पाहणारा मतदारच उरत नाही.

मतदार केवळ राष्ट्रीय भावनेवरच मत देतात, या गृहीतकाला जमिनीवरचे पुरावेही छेद देतात. नॉटिंगहॅमशायरमधील ॲशफील्ड डिस्ट्रिक्टमध्ये स्थानिक अपक्षांच्या आघाडीने २०१९ मध्ये ३५ पैकी ३० आणि २०२३ मध्ये ३२ जागा जिंकल्या. त्याच ॲशफील्ड मतदारसंघाने डिसेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाचा आणि २०२४ मध्ये रिफॉर्म यूके या पक्षाचा खासदार निवडला. जुन्या कोळसाखाणींच्या या भागातल्या माणसाला संसदेसाठी एक आणि आपल्या कौन्सिलसाठी दुसरे मत देताना काहीही अडचण वाटलेली नाही. सरे काउंटीतील एप्सम अँड ईवेल तर १९३७ पासून, म्हणजे बरोच्या (शहरी दर्जाच्या डिस्ट्रिक्टच्या) स्थापनेपासून, रहिवासी संघटनेच्याच हाती आहे. चर्चिल आले, ॲटली आले, थॅचर आणि ब्लेअर येऊन गेले, तरी तिथले रहिवासी आपला कारभार पक्षांबाहेरच्या माणसांकडे सोपवत राहिले. जिथे स्थानिक पर्याय उभा राहतो तिथे मतदार तो ओळखतो. जिथे त्याच्या हाती पडणारे प्रत्येक पत्रक आणि त्याला दिसणारी प्रत्येक बातमी राष्ट्रीय नेत्यांबद्दलच बोलते, तिथे त्याने नेत्यांकडे पाहून मत दिले तर त्या मतालाच पुरावा म्हणून पुढे करणे हा चक्राकार युक्तिवाद झाला.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. डिस्ट्रिक्टला अधिकार आहेतच किती? घरपट्टीसारख्या कौन्सिल टॅक्सचे संपूर्ण बिल डिस्ट्रिक्ट पाठवते आणि वसूल करते, पण त्यातला दहाव्या हिश्श्याच्या आसपासच तिच्याकडे राहतो. बाकीचा काउंटी आणि पोलिसांकडे जातो. कर वाढवायचा तर वर्षाला सुमारे ३ टक्क्यांच्या वर सार्वमताशिवाय जाता येत नाही. घरांची उद्दिष्टे लंडनहून येतात. अशा बांधलेल्या हातांच्या संस्थेच्या निकालाला सरकारची नेमणूक म्हणणे ही अतिशयोक्ती नाही का?

या प्रश्नाचे उत्तर सरेमधील वोकिंगने दिले आहे, आणि ते फार महागडे उत्तर आहे. एक लाखाच्या किंचित वर लोकवस्तीच्या या बरो कौन्सिलने शहराच्या मध्यभागी गगनचुंबी इमारती, हॉटेल आणि व्यापारी संकुल उभारण्यासाठी इतके कर्ज काढले की जून २०२३ मध्ये, म्हणजे आधीच्या वर्षी सत्तांतर होऊन लिबरल डेमोक्रॅट आल्यानंतर, तिला आर्थिक दिवाळखोरीची कायदेशीर सूचना काढावी लागली. तेव्हा कर्ज १.८ अब्ज पौंडांच्या घरात होते आणि वर्षभरासाठी हाती असलेला मूळ निधी होता अवघा १.६ कोटी पौंडांच्या आसपास. त्यानंतर सांस्कृतिक आणि सामाजिक संस्थांची अनुदाने छाटली गेली, स्वच्छतागृहांपर्यंत कात्री पोचली आणि पुढच्या वर्षी सरकारच्या विशेष परवानगीने कर १० टक्क्यांनी वाढवण्यात आला. ज्या संस्थेला अधिकारच नाहीत ती एका शहराच्या पुढच्या पिढ्या गहाण कशी टाकू शकते? कर वाढवण्यावर मर्यादा घालून कर्ज काढण्याची दारे सताड उघडी ठेवली, तर महत्त्वाकांक्षी कौन्सिल त्याच दारातून जाणार. मे २०२२ च्या निकालानंतर वोकिंगचे नाव राष्ट्रीय बातम्यांत आले ते लंडनभोवतालच्या सधन पट्ट्यात बोरिस जॉन्सन यांच्यावरच्या नाराजीचा नमुना म्हणून. ती नाराजी खोटी नव्हती. पण शहराच्या डोक्यावर लटकलेल्या कर्जापुढे ती किती क्षुल्लक होती, हे बाहेरच्यांना वर्षभराने कळले, आणि तेव्हा अनेकांनी आश्चर्य व्यक्त केले.

मतदानाचे प्रमाण हा तिसरा आक्षेप, आणि त्याच्यापुढे मी अंशतः मान तुकवतो. या निवडणुकांत साधारण एक तृतीयांश मतदारच येतात. २०२३ पासून छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले आणि निवडणूक आयोगाच्याच अहवालानुसार पहिल्याच वर्षी किमान १४ हजार जण केंद्रावर येऊन मत न देताच परतले. त्यावर सर्वाधिक मते मिळवणारा विजयी ही पद्धत असल्याने जागांचे आणि मतांचे नाते तुटते. लंडनच्या बार्किंग अँड डॅगनम बरोमध्ये २०१० पासून २०२२ पर्यंतच्या चारही निवडणुकांत सर्वच्या सर्व ५१ जागा मजूर पक्षाला मिळाल्या. तिथे विरोधकांना मत देणारा एकही माणूस राहत नव्हता काय? स्कॉटलंडने २००७ पासून कौन्सिलसाठी पसंतीक्रमाची प्रमाणशीर पद्धत स्वीकारली, उत्तर आयर्लंडमध्ये ती त्याहून जुनी आहे. इंग्लंडने मात्र ती टाळली. पण या दोषांमुळे निकाल निरर्थक ठरतो असे मानणारे त्याच निकालावरून देशाचा कल सांगताना अडखळत नाहीत. एक तृतीयांश मतदान कौन्सिलला जनादेश देण्यास अपुरे असेल, तर पंतप्रधानांचे भवितव्य ठरवण्यास ते पुरेसे कसे होते?

या वाईट वादाचा परिणाम केवळ दूरचित्रवाणीपुरता राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने दोन स्तरांची रचना मोडून साधारण ५ लाख लोकवस्तीची एकस्तरीय कौन्सिल सर्वत्र आणण्याचे ठरवले. डिस्ट्रिक्ट कौन्सिल इतिहासजमा होणार आहेत. यामागची कारणे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. कचरा एकाचा आणि त्याची विल्हेवाट दुसऱ्याची, घर एकाचे आणि रस्ता दुसऱ्याचा, या विभागणीत सामान्य माणसाला तक्रार कुणाकडे न्यायची हेच कळत नाही. तरीही नॉर्थ यॉर्कशायरमध्ये काय झाले ते पाहावे. १ एप्रिल २०२३ रोजी सात डिस्ट्रिक्ट आणि एक काउंटी विलीन होऊन एकच कौन्सिल झाली. समुद्रकाठच्या स्कारबरोपासून डेल्सच्या डोंगरातील स्किप्टनपर्यंतच्या सहा लाखांहून अधिक लोकांसाठी आता ९० कौन्सिलर आहेत. ही बचत असेल, सुसूत्रताही असेल. पण प्रतिनिधित्वाचा हा एवढा मोठा संकोच देशात जवळजवळ चर्चेविना पार पडतो, तो का? ज्या संस्थांच्या निकालाकडे पन्नास वर्षे दुसऱ्याच कुणाबद्दलचा संकेत म्हणून पाहिले, त्या संस्था गेल्याचे दुःख कोणाला होणार?

पुनर्रचनेचे कारण देऊन मे २०२५ मध्ये नऊ कौन्सिलच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. एसेक्स, नॉरफोक, सफोक, हॅम्पशायर, सरे अशी मोठी नावे त्यांत होती. जी संस्थाच मोडायची तिची निवडणूक कशाला, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो. थॅचर सरकारनेही ग्रेटर लंडन कौन्सिलची १९८५ ची निवडणूक याच तर्काने रद्द केली, १९८६ मध्ये कौन्सिल बरखास्त केली, आणि त्यानंतर २००० सालापर्यंत लंडनला शहरभरासाठी निवडून दिलेली एकही संस्था नव्हती. मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिलेली ज्यांनी पाहिली, त्यांना तात्पुरती म्हणून सुरू झालेली पोकळी किती लांबू शकते हे सांगायला नको. वोकिंग, वॉटफर्ड, केंब्रिज अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसांचा तर या प्रश्नाशी थेट संबंध आहे, कारण तिथे वैध वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून कौन्सिलसाठी मत देण्याचा हक्क आहे. ब्रिटिश पारपत्र नसले तरी नोंदणी करता येते, आणि अनेकांना ते ठाऊकच नसते.

सरेचे आता दोन भाग होणार आहेत. पश्चिम सरेच्या नव्या कौन्सिलमध्ये वोकिंग असेल, कार्यालयांच्या इमारती विकत घेण्यासाठी सुमारे एक अब्ज पौंडांचे कर्ज काढलेली स्पेलथॉर्न असेल, आणि त्यांच्याबरोबर गिल्डफर्ड, वेव्हर्ली, रनीमीड आणि सरे हीथही असतील. गिल्डफर्डच्या मतदाराने वोकिंगच्या इमारतींना किंवा स्पेलथॉर्नच्या खरेदीला कधी मत दिले नव्हते, नाकारलेही नव्हते, पण त्या कर्जाचा भार ज्या तिजोरीवर येणार ती आता त्याचीही आहे. या नव्या कौन्सिलच्या निवडणुकीत कोणता पक्ष ते कर्ज कसे फेडणार, कोणती मालमत्ता विकणार, कोणती सेवा बंद करणार आणि सरकारकडून किती मदत मागणार, हे उमेदवारांना विचारायचे प्रश्न आहेत आणि निकालाच्या रात्री त्यांचीच उत्तरे मोजली गेली पाहिजेत. त्या रात्री पडद्यावर पुन्हा केवळ देशव्यापी टक्केवारी आणि पंतप्रधानांचे भवितव्य दिसले, तर गिल्डफर्डच्या माणसाला आपण नेमके कोणाला आणि कशासाठी निवडले हे पहिल्या कराच्या बिलावरूनच कळेल.